कामाचं नाव

येरेवानमध्ये मी तळघरात बसतो.
पंख्यांच्या घरघरीची इतकी सवय झालीय
की वीज गेली की कान दुखतात.

लोक विचारतात, तुझं काम काय?
सांगतो, सावड.
आमच्याकडे यंत्रं शंभर, क्राकोवला हजार,
लिस्बनची रात्री मोकळी, तैपेईची कधी असतील तेव्हा.
आपण त्यांचं रान नांगरायचं, त्यांनी आपलं.
बैल कुणाचे, पेरा कुणाचा,
हे फक्त नोंदवहीला ठाऊक.

ऑक्टोबरात ग्युम्रीहून तागुहीबाई आल्या,
भूकंपाचा अभ्यास करणाऱ्या.
मांडीवर पिशवी, पिशवीत सुकवलेले जर्दाळू
आणि एक हार्ड डिस्क.
"गावाखालची माती आहे यात," म्हणाल्या,
जणू खरंच ओंजळभर उकरून आणली होती.

त्यांना हवी होती एक प्रयोगशाळा, भिंती नसलेली,
जिथे तिब्लिसीचा कुणी, लिस्बनची कुणी
एका टेबलाशी बसल्यासारखे बसतील
आणि फाइल नेमकी कुठे आहे
हे कुणालाच विचारावं लागणार नाही.

उभारायला तीन आठवडे गेले.
पहिला प्रमाणपत्रात:
तुम्ही तुम्हीच आहात हे सिद्ध करायला
पासपोर्ट, शिक्का, आणि माझ्यासमोर प्रत्यक्ष चेहरा.
"फोटोतला राहिला नाही आता," त्या म्हणाल्या. "चालेल?"
दुसरा एका लायब्ररीपायी,
क्राकोवची नवी, आमची जुनी,
दोघींचं पटेना.
तिसऱ्याचं सांगत नाही. एक स्वल्पविराम होता.

मग कामं पाठवली. सव्वीस.
तीच माती, तोच धक्का,
इमारत मात्र दरवेळी थोडी वेगळी:
खांब जाड, पोलाद जास्त, सिमेंटात वाळू कमी.

अर्जात एक रकाना असतो, कामाचं नाव.
लोक लिहितात चाचणी-एक, चाचणी-दोन,
अंतिम, अंतिम-नवीन, खरंच-अंतिम.
बाईंनी लिहिलं: आश्खेन. नुबार. झाबेल. वाराझदात.
मी म्हटलं, नातवंडं?
"तिसरी ब," म्हणाल्या, आणि जर्दाळू पुढे केला.
"अठ्ठ्याऐंशीचा डिसेंबर. माझा कान दुखत होता,
आई मला इथे येरेवानला डॉक्टरकडे घेऊन आली होती."

रात्रभर पडद्यासमोर बसलो.
नुबार: रांगेत.
सातेनिक: लिस्बनला, चालू.
आश्खेन: क्राकोवहून परत, पूर्ण.
ज्यांनी कधी समुद्र पाहिला नव्हता
ती पोरं कुठल्या कुठल्या देशांत रात्रपाळी करून
एकेक करत घरी येत होती,
डोक्यावर आकड्यांचा भारा.

तीन वाजता होवसेपची ओळ तांबडी झाली.
यंत्राशी संपर्क नाही. काम हरवलं.
अशा ओळी मी दिवसाला चाळीस पाहतो,
चहा पिता पिता पुसतो.
सवयीने बोलून गेलो,
राहू द्या याला, सरासरीला पंचवीस पुरतात.

बाई काही बोलल्या नाहीत.
पिशवीची गाठ सोडली,
पुन्हा बांधली.

मी तीच आज्ञा परत लिहिली,
तेच नाव, एक अक्षर न चुकता.
रांगेत सगळ्यात मागे.
पुढे एकशे बारा कामं, कुणाकुणाची:
प्रथिनांच्या घड्या, ढग,
दूरच्या ताऱ्याभोवतीची धूळ.

सकाळी गोहार बादली घेऊन आली,
आमच्या पायांभोवतीने फरशी पुसून गेली.
पावणेबाराला तैपेईतल्या कुठल्याशा यंत्राने
त्याला आत घेतलं.
होवसेप: चालू.

बाईंनी चष्मा काढला, पदराऐवजी मफलरने पुसला.
"तिकडे किती वाजले असतील?"
पावणेचार, मी म्हटलं.
"मग," त्या म्हणाल्या,
"शाळा सुटली असेल."