पाणसळ

क्रेनचं भाडं तासावर, ऊन फुकट,
म्हणून आम्ही पावणेपाचलाच शिडी लावली.
युमा. अ‍ॅरिझोना. लाँड्रीचं सपाट छत,
रात्रभर निवायचं म्हणत न निवलेलं डांबर.
तारांगो म्हणाला, दहानंतर इथे गुडघा टेकलास, देल्फिना,
तर गुडघा इथेच राहील.
त्याच्या पँटकडे बघून ते पटतं.

जुनं युनिट चोवीस वर्षं बसून होतं.
जाळीत पिसं, तळाला गंजाचे पापुद्रे,
दाराच्या आतल्या अंगाला मार्करने तारखा:
पट्टा बदलला. पट्टा बदलला. गॅस भरला. पट्टा.
आणि एका जुलैत कुणीतरी नुसतंच
'देवा.'
अक्षर कुणाचं, मी विचारलं.
तारांगो पाना शोधत राहिला.

व्हर्नने गळ सोडला, साखळ्या ताणल्या,
एक कुरकुर, आणि ते उठलं,
बुडाशी जुनं रबर लोंबत,
दात काढल्यासारखं.
मागे उरला कर्ब, छताचा उंबरठा,
वीतभर उंच, चौकोनी.
त्यात दोन भोकं: एक हवा खाली जायला,
एक तिला परत यायला.

परतीच्या भोकातून मी वाकून पाहिलं.
खाली ट्यूबलाइटमध्ये ओफेलिया,
मोटेलच्या चादरी घडी करणारी,
हनुवटीखाली कडा धरून.
तिने वर पाहिलं.
इतकी वर्षं त्या जागी जाळी होती,
आता आकाश आणि हेल्मेट घातलेली एक मुलगी.
'तारे दिसतायत का?' तिने विचारलं.
मी म्हटलं, एकच, तोही चाललाय.
तिने घडी पूर्ण केली.

नवीन युनिट हवेत होतं, साडेपाचशे किलो,
प्लास्टिक अजून अंगावर,
तेव्हा तारांगोने हात वर केला. थांब.
ड्रॉइंग मी काढलं होतं.
बाण मी काढला होता.
बाण उलटा होता.
जाण्याचं तोंड येण्याच्या भोकावर आलं असतं.
खाली व्हर्नचं मीटर चालू, पूर्वेला लाल रेघ,
आणि माझी मान अशी तापली की
सूर्याची गरजच नव्हती.

तो ओरडला नाही.
कोपऱ्याला बांधलेला दोर माझ्या हातात दिला.
म्हणाला, लोंबकळणाऱ्याला ढकलायचं नसतं.
ताण धर, आणि त्याला वळावंसं वाटेपर्यंत
थांब.
मी थांबले.
आधी काहीच नाही.
मग एक बोट. मग दोन.
मग ते अख्खं धूड वळलं,
झोपेत कूस बदलावी तसं,
दोन बोटांत धरलेल्या दोराने.

बसलं. गॅस्केटवर, चारही कडांनी,
श्वास सोडल्यासारखा आवाज करून.
तारांगोने पाणसळ ठेवली.
बुडबुडा जरासा माझ्या बाजूला.
पत्र्याची एक पट्टी सरकवली, पुन्हा ठेवली.
पाणी निथळलं पाहिजे, तो म्हणाला,
नाहीतर हे सगळं फक्त महागडी डबकी.

साडेनऊला वीज दिली.
कॉम्प्रेसर किंचाळला,
भांड्यात खिळे ओतल्यासारखा.
तीन तारांपैकी दोघी एकमेकींच्या जागी.
हे मात्र तारांगोने जोडलं होतं.
मी काहीच बोलले नाही, आणि ते
त्याने बरोबर ऐकलं.
बंद. अदलाबदल. चालू.
आता नुसतीच गुणगुण.

वीस मिनिटांनी नळीच्या वाकणातून
पहिला थेंब पडला,
डांबरावर पडण्याआधी अर्धा सुकला.
मग दुसरा. मग न मोजण्याइतके.
लांब शेपटीचा एक काळा पक्षी
कठड्यावरून उतरला, इकडेतिकडे बघून प्यायला,
जणू नळी त्याच्यासाठीच टाकली होती.

शिडी उतरलो तेव्हा पारा एकशे नऊ.
दारात ओफेलिया,
खांद्यावर कुणाचा तरी न नेलेला स्वेटर.
'छान आहे,' ती म्हणाली,
'थोडं कमी करता येईल?'