मऊ पाण्यासाठी अर्धं माप

दुपारचे तीन वाजलेत, म्हणजे टांपेरेत डिसेंबरची रात्र.
बुटांवरचा बर्फ वितळून पायाशी तळं साचलंय
आणि अठरा मीटरची बस घसरड्या चौकात
एका हाताने वळवणारा मी, आन्तेरो,
धुण्याच्या साबणांपुढे अडलोय.

पावडर आहे. खोकं हलवलं की वाळूसारखी कुजबुजते.
गार पाण्यात कधी विरघळत नाही,
काळ्या विजारीवर खडूच्या रेघा सोडते.
लिक्विड निमूट विरघळतं,
पण बूच हातात आलं की माझा हात सैल सुटतो,
मग मशीन फेसाने गुदमरतं, मी काचेतून बघत बसतो.
गोळ्या आहेत, निळ्या-हिरव्या, फुगऱ्या गालांच्या,
मिठाईच्या दुकानातून पळून आल्यासारख्या.
एक टाकली की काम झालं, डोकं नको.
शिवाय हे नवे पातळ कागद,
पाकिटात पत्रासारखे घडी घातलेले,
पाण्यात पडले की मजकुरासकट नाहीसे.

आई उन्हाळ्यात तळ्यावरच्या धक्क्यावर सतरंज्या घासायची
पाइनच्या तपकिरी साबणाने.
तिने निवड केली असेलच कधीतरी,
पण एकदाच केली, आणि तो विषय मिटला.

मला हवंय ते रीकाच्या घरातलं.
दर रविवारी सायमी तिच्याकडून येते
तेव्हा स्वेटरला एक वास असतो.
लिंबाचा म्हणावा तर नाही, फुलाचाही नाही.
नऊ वर्षं मी त्या वासाच्या उशीवर झोपलो
आणि डब्यावरचं नाव एकदाही वाचलं नाही.
डबा कुठल्या कपाटात असायचा, तेही आठवत नाही.

म्हणून एकेक बूच उघडून हुंगतोय.
मांडणी लावणारी मुलगी माझ्याकडे
दोनदा बघून गेली.
पाचव्या बुचानंतर नाक बधिर झालं,
सगळं सारखंच स्वच्छ.

रीकाला विचारता आलं असतं. एका ओळीचा निरोप:
कोणता साबण वापरतेस?
लिहिला. खोडला.
'साबण' शब्दात विचारण्यासारखं काही नाही
असं तिला वाटेल,
किंवा वाटणार नाही.
दोन्हींची भीती वाटली.
रिकाम्या हाताने बाहेर पडलो.

रात्री सायमीलाच विचारलं,
आईकडचाच साबण आणू का इथेही?
म्हणजे दोन्ही घरांना एकच वास,
तुला बरं वाटेल.

ती मोजे काढत होती.
एक निघाला होता, दुसरा टाचेत अडकला होता.
"नको," म्हणाली.
"सकाळी काळोख असतो ना,
मी डोळे उघडायच्या आधी उशी हुंगते.
तुझा वास आला तर दार डावीकडे.
आईचा आला तर उजवीकडे.
एकच केलास तर मी भिंतीवर आपटेन."
आणि मोजा ओढून काढला, जोरात.

माझ्या घराला वास आहे
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
मी इथे राहायला आलो त्या आठवड्यात,
सतरंजीसुद्धा नव्हती तेव्हा,
सगळ्यात खालच्या फळीवरचं
सगळ्यात स्वस्त खोकं उचललं होतं, इतकंच.
हुंगूनही बघितलं नव्हतं.

आज तळघरात उतरलो, तेच खोकं काखेत.
वहीत सात ते आठपर्यंत माझं नाव आहे.
खोक्यावर छापलंय: पाणी मऊ असल्यास अर्धं माप.
आमचं पाणी मऊच.
अर्धं घेतलं.
मग चिमूटभर आणखी.
उशीचा अभ्रा सगळ्यात वर ठेवला,
त्याने फरक पडत नाही हे माहीत असून.

माझ्यानंतर कोस्किनेन बाईंची पाळी.
त्या पावणेआठलाच टोपली घेऊन दाराशी येतात
आणि घड्याळाकडे न बघता
घड्याळाकडे बघतात.