पाळी

कारखान्यातली रात्रपाळी बंद झाली दिवाळीनंतर,
माझी त्याच्या आधीच, श्रावणात.
नोटीस कुणी लावली नाही.
दोन महिने चुकली, एकदा आली, मग आलीच नाही.
भूदेवी म्हणाली, सुटलीस की गं.
मलाही तसंच वाटलं.

मग सुरू झालं हे.
आधी पिंढऱ्या, मग पाठ, ब्लाउजच्या हुकाखाली,
जिथं ना डावा हात पोचतो ना उजवा.
रात्री अडीचला उठून बसते.
पंखा तीच गरम हवा फिरवत असतो,
शेजारी यांच्या घोरण्याचा धोटा
इकडून तिकडं, तिकडून इकडं.
फणी उलटी धरून खाजवते.
सकाळी नखांत पांढरा भुगा,
परातीच्या कडेला राहिलेल्या ज्वारीच्या पिठासारखा.

आई याला दुरद म्हणायची, आमच्या तेलुगूत.
विड्या वळता वळता उठायची
आणि दाराच्या चौकटीला पाठ घासायची, म्हशीसारखी.
आम्ही पोरं हसायचो.
तंबाखूची खाज, असं सगळेच म्हणायचे, तीसुद्धा.
चौकटीचा निळा रंग त्या उंचीवर उडालेला होता.
आता तिचं तेव्हाचं वय मोजते.
सत्तेचाळीस.

साखर पेठेतल्या डॉक्टरीणबाईंनी
चष्मा वर करून हात पाहिले, पाय पाहिले.
पाणी किती गरम? कडक.
साबण? भरपूर.
पुसता कशानं?
मला हसू आलं. एकवीस वर्षं टॉवेलच तपासते, म्हटलं.
सुटलेला धागा कापायचा, डाग बघायचा,
पाण्यावर तुकडा सोडून मोजायचं, किती सेकंदांत बुडतो ते.
पाचाच्या आत बुडाला तर पास.
घरी नेते ते नापास झालेले. खरखरीत.
त्या म्हणाल्या, पाळी गेली की अंगातलं तेलही आटतं हो.
कोमट पाणी घ्या. टिपायचं, घासायचं नाही.
आणि अंग ओलं आहे तोवरच मलम.
चिठ्ठीवर तेवढंच लिहिलं, खाली सही.

पाणी येतं पाचव्या दिवशी, मधे बोअरचं, खारं.
कोमट करायला तरी ते पुरतं.
मलम महिनाभर पुरत नाही,
मग शेवटचा आठवडा खोबरेल.

काल अडीचला यांना हलवलं.
उठा. पाठ.
काय झालं, पाल आहे का, म्हणाले.
दिवा न लावता बाटली हातात दिली.
तीस वर्षं माग चालवलेले हात,
तळव्यांवर घट्टे, टॉवेलापेक्षा खरखरीत.
घासू नका, म्हटलं. टिपा.
टिपा म्हणजे कसं?
सांगता येईना.
बाळाला थोपटतात तसं, म्हटलं शेवटी.
त्यांनी थोपटलं. हुकाखाली, नेमकं तिथंच.
मी मनात मोजत होते,
एक, दोन, तीन,
आणि तेल गेलंसुद्धा.

अजून लाव, म्हणाली पाठ.
हे तेवढ्यात पुन्हा घोरायला लागले होते,
हात तिथंच ठेवून.