मोकळा हात

स्टॉकपोर्टला, बटणांच्या बंद दुकानावरची खोली.
दर मंगळवारी सात वाजता
आम्ही चौघं तळघरात उतरतो,
जिना चढून.

दिवसभर मी कवळ्या घासते,
परक्या माणसांच्या हसण्याचे साचे.
संध्याकाळी मी भागा,
तोफखान्यातून हाकललेली, पाचव्या पातळीची,
डाव्या हातात ढाल, उजव्यात पिस्तूल.

नाही जमायचं, टॅम्सिन म्हणाली.
नियमांचं पुस्तक तिच्या मांडीवर मांजरासारखं.
ढालीला एक हात, पिस्तुलाला एक,
बार भरायला तिसरा कुठून आणणार?
ढाल खाली ठेवलीस तर एक डाव गेला.
मनगटाला बांधलीस तर संरक्षण निम्मं.
नाहीतर शेपटीवाल्या जमातीत जन्म घे,
शेपटीने काडतूस धरता येतं, पान एकशे बारा.

जन्म नाही बदलला.
एकदा बदललाय, व्हिसावर. तेवढा पुरे.

आमच्या भाषेत ढालीला तलवारच लागते,
मी सांगून पाहिलं,
जसं मीठ म्हटलं की मिरची, लेकी म्हटलं की सुना.
ढाल-बंदूक असा शब्दच नाही.
शब्द नाही म्हणजे
कोणीतरी आधी करून पाहिलं असणार
आणि सांगायला परत आलं नसणार.

तिसऱ्या फेरीत ती वेळ आलीच.
अरुंद पूल, समोर हाडांचे शिपाई.
बाहेर खऱ्या विटांच्या पुलावरून लंडनची गाडी गेली,
बिस्किटांच्या डब्याच्या झाकणात फासे थरथरले.
पिस्तूल रिकामं.
ओवेनने वाळूचं घड्याळ उलटं केलं.

तेव्हा लेनर्ड बोलला,
जो सहसा बोलत नाही,
छत्तीस वर्षं एकशे ब्याण्णव नंबरची बस चालवलेला,
ज्याचा बुटका पुजारी कायम मागे उभा.
"माझ्या पाठीला त्या मेलेल्या पहारेकऱ्याची बंदूक आहे. भरलेली.
नळी माझ्या खांद्यावर टेकव.
ढाल सोडू नकोस,
दोघांवर धर."

टॅम्सिनने पानं चाळली. परवानगी नव्हती,
मनाईही नव्हती.

मला हसूच आवरेना.
अरे लेनर्ड, आमच्याकडे ही जवळजवळ शिवी आहे!
दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणारा
म्हणजे नामानिराळा, पळपुटा.
माझ्या आधीच्या ऑफिसात असे पुष्कळ होते.

त्याने चहाचा कप खाली ठेवला.
"पण खांदेवाल्याला
कोणी विचारलं होतं का तुमच्याकडे?"

फासा पडला. चार.
नेम हुकला, हाडं तशीच पुढे आली,
आणि कानाशीच बार उडाल्यामुळे
पुजारी तीन फेऱ्या बहिरा, ओवेनने निकाल दिला.
पूल कसा ओलांडला ते पुढच्या मंगळवारी.

जिना उतरताना मी विचारलं,
लेनर्ड, स्टॉपपर्यंत येतोस का बरोबर?
त्याने कानामागे तळवा धरला,
माझ्याकडे न बघता म्हणाला,
"अजून एक फेरी बाकी आहे,"
आणि चालू लागला, माझ्याच बाजूने,
वाऱ्याच्या अंगाला.