उर्फ

डिचोलीच्या आरटीओत सकाळी साडेनऊला
पंखा सुरू आहे, माणूस नाही.
चहाला गेलाय, असं टेबलावरचा चष्मा सांगतो.

बाहेर चिंचेखाली आमची ओपेल.
रंग पिस्ता. म्हणजे आम्ही पिस्ता म्हणतो,
कागदावर आहे 'फिकट हिरवा',
आणि सासरे म्हणायचे, कच्च्या कैरीच्या गराचा.
मुरगावच्या धक्क्यावर ती उतरली तेव्हा
इथलं सरकार दुसरं होतं, पावतीवरची भाषाही.

सासरे गेल्यावर तेवीस वर्षं फणसाखाली.
चेसी अशी सडली की पास्कोल मेस्तने बोट लावलं
आणि बोट आत गेलं.
दुसरी हुबळीहून आली, ट्रकातून, गवतात गुंडाळलेली.
इंजिन बेळगावच्या भंगारातलं.
बिल मागितलं तर भंगारवाल्याने दिलं
कॅलेंडरच्या जुलैच्या पाठीवर.

कारापूरकर इन्स्पेक्टर आले, चष्मा घातला.
"इंजिन बदललं?"
होय.
"चेसीही?"
होय.
"दारं?"
तीन तीच. चौथं पास्कोलने पत्रा ठोकून केलंय.
"मग बाय, हिच्यात तिचं उरलं काय?"

नवरा घाईघाईने मोजू लागला:
स्टिअरिंग, मागचा आरसा,
आणि ते घड्याळ, अठ्ठ्याहत्तरपासून सव्वाचारवर थांबलेलं.
मी गप्प. माझ्या हातात प्रतिज्ञापत्र होतं.
गाडी सासऱ्यांनी माझ्या नावावर केली होती,
मुलगा क्लच जाळतो म्हणून.

नोटरीने टाइप केलं होतं:
मी, सुलक्षा, उर्फ शेवंती.

पेडण्यात मी शेवंती होते.
शाळेच्या पटावर, रेशनकार्डावर,
विहिरीपलीकडून येणाऱ्या हाकेत.
मग लग्नात यांनी ताटातल्या तांदळांवर
अंगठीने नवं नाव लिहिलं.
मी समोर बसलेले, अक्षरं मला उलटी,
वाचताच आली नाहीत. आईने वाचून सांगितलं.
पुढे कितीतरी महिने कुणी सुलक्षा म्हणालं
की मी मागे वळून बघायची, कोण आलंय.

तेव्हा कुणी विचारलं नव्हतं, हिच्यात तिचं उरलं काय.
त्याचा फॉर्म नसतो.

"हे बिल जुलैचं," कारापूरकर म्हणाले,
"की जुलैच्या पाठीवरचं?"
नवऱ्याला घाम फुटला.
मग ते उठले, पातळ कागद घेतला, शिसपेन्सिल घेतली,
बॉनेटखाली वाकले.
चेसीवर कागद धरून आडवी पेन्सिल घासत गेले
तसे आकडे काळ्यातून पांढरे वर आले,
एकेक, सावकाश.
सातापुढे अडले. गंजाने खाल्लेला आकडा.
"तीन की आठ?"
तीन, मी म्हणाले.
चवथीआधीचे चार दिवस
रॉकेलच्या चिंधीने तो मीच घासला होता.
नखाला अजून माहीत आहे तो कुठे वळतो.

"जुना नंबर मिळेल का?" नवऱ्याने विचारलं.
"वर लिहून बघतो. नवाच आला तर
जुना कंसात घालू."
कंसात नको, मी म्हणाले. उर्फ लिहा.
ते हसले नाहीत.
काय लिहिलं ते दिसलं नाही, फाईल मिटली,
वर पेपरवेट, वर पंख्याचा वारा.

पहिल्या सेल्फला नाही, दुसऱ्याला घेतली.
नंबराच्या जागी खडूने 'अर्ज केला आहे'.
बुधवार होता, बाजार रस्त्यावर आलेला,
नवऱ्याने हॉर्न दिला.
तो तोच आहे, हे सांगायचं आम्ही विसरलोच होतो.

बांगडे मांडून बसलेली म्हातारी,
पाठ आमच्याकडे,
पाटली अर्धा हात आत ओढून घेत म्हणाली,
"भिकूबाबाली गाडी आयली."
मागे वळून तिने बघितलंसुद्धा नाही.