दोन पट्ट्या

माझ्या पेटीत दोन फूटपट्ट्या आहेत.
एक सगळ्यांसारखी.
दुसरी फुटापेक्षा केसभर लांब,
तरी तिच्यावर फूटच लिहिलेला.
शिरोलीच्या फाउंड्रीत पॅटर्न करायचा तर हीच लागते.
बीड निवताना आकसतं, शेकड्याला एक,
म्हणून लाकूड आधीच तेवढं मोठं कापायचं.
एकवीस वर्षं झाली,
आकसणं मोजणं हाच माझा धंदा.

आणि तरी गंगावेशीत, दुधाच्या कट्ट्यावर
शीतल मगदूमनं कागद पुढं केला
तेव्हा मी साधी पट्टी लावली.
"वर्षाला चोवीस हजार, वीस वर्षं.
मग एकदम आठ लाख, मर्दा! वर पाच लाखाचा विमा फुकट.
पोरीचं शिक्षण तिथंच मिटलं."
चार लाख ऐंशी भरायचे, आठ घ्यायचे.
शाळेत एका बाकावर बसलेला माणूस
खोटं कशाला सांगेल?
खोटं त्यानं सांगितलंच नव्हतं.

म्हैस समोर उभी होती.
गवळी पेला विसळून दाखवायचा,
मग कासेखाली धरायचा, फेस काठावर येईतो.
आपल्या गावाची ही खोड:
दूध डोळ्यांदेखत पिळून घेणार,
पाण्याचा थेंब दिसला तर कट्टा डोक्यावर घेणार,
आणि सही मात्र
पेन्सिलीनं फुली मारलेली असेल तिथं.

दोन हप्ते गेले. तिसऱ्याची चिठ्ठी आली
तेव्हा वैजयंता भिशीची वही घेऊन बसलेली.
मंगळवार पेठेतल्या अकरा बायका,
कुणाचा नंबर कधी, कुणी किती सोडले,
सगळं तिला तोंडपाठ.
कागद वाचून ती एवढंच म्हणाली,
"हे आठ लाख कुठल्या पट्टीनं मोजलेत?"

प्लायवुडच्या तुकड्यावर रात्री हिशेब केला.
वर्षाला साडेचार टक्के, कसेबसे.
तेवढ्यात तर डाळसुद्धा महागते.
"आणि तुम्ही उद्या नसलात तर पाच लाख.
वीस महिने," ती म्हणाली,
"तेही मटण सोडून."
नुसता विमा घेतला असता, परत काही न देणारा,
तर याहून कमी हप्त्यात
पोरगी पायावर उभी राहीपर्यंत घर तरलं असतं.
पण परत काही न देणारा म्हटल्यावर
मी त्याच्याकडं बघितलंच नव्हतं.

मग तिनं गाडीच्या कर्जाचा कागद काढला.
मी नको म्हणालो.
लाख रुपये, दहा टक्के, फ्लॅट, तीन वर्षं.
मुद्दल महिन्या-महिन्याला फिटत चाललेलं,
व्याज मात्र अजून अख्ख्या लाखावर,
जशी विकलेल्या म्हशीला
आपण रोज पेंड घालावी.
दहा म्हणालेले, निघाले अठराला थोडे कमी.
ती हसली नाही. वही मिटली,
दिवा मालवला.
बराच वेळ दोघंही जागे होतो.

रविवारी शीतलला कट्ट्यावर गाठलं.
चार शिव्या पाठ करून गेलो होतो.
"मोडलीस तर भरल्यातला तिसरा हिस्सा हातात येईल," तो म्हणाला,
"आत्ताच मोड. पुढं जीव जास्त अडकतो."
हे त्यानं इतक्या हळू सांगितलं
की शिव्या तोंडातच राहिल्या.
"मार्च होता रे. टार्गेट पुरं होत नव्हतं.
माझ्या नावावर असल्या चार आहेत.
हप्ते बायकोला माहीत नाहीत."

गवळ्यानं दोन पेले आणून ठेवले.
शीतलनं त्याचा उचलला नाही,
फेस बसत गेला,
आणि दूध होतं त्याच्या बोटभर खाली दिसू लागलं.
मी ते बघत होतो. सवयच आहे.

"पी," म्हणालो. "निवतंय."

पैसे मी दिले.
सुटे परत आले ते
दोघांनीही मोजले.