चार

ग्रंथालयानं रद्दीत काढलेला इंग्रजी शब्दकोश,
वाळवीनं 'ए' संपवून 'बी'ला तोंड लावलेला,
मी पोत्यातून उचलून विडी घरकुलात आणला.
आईनं हातावर तोलून पाहिला.
"तीन किलो भरंल. पापडावर ठेवायला बरा."

'सी'च्या पानावर तो भेटला.
जुना शब्द. उच्चार: चार.
अर्थ: घरातलं किरकोळ काम.
त्याच्याही आधीचा अर्थ: वळण, खेप, पाळी.
आणि शेवटी, मुंगीएवढ्या अक्षरात:
आता वापरात नाही.

मी मोठ्यानं वाचलं.
आई सूप मांडीवर घेऊन तेंदूची पानं कातरत होती.
कात्री न थांबवता म्हणाली,
"वापरात नाही म्हणजे?
मग करतंय कोण?"

वहीत मी समानार्थी शब्द मांडायला घेतले.
वरकाम. झाडलोट. उष्टीखरकटी.
उस्तवारी.
रामरगाडा. रगाड्याला रामाचं नाव दिलंय कुणीतरी,
उचलताना हलका वाटावा म्हणून.
भिंतीपलीकडून शमशादचाचीनं 'कामां' दिलं,
एकाचं अनेकवचन करूनच.
वरच्या मजल्यावरच्या नागव्वाचं 'केलसा'
जिन्यावरून सांडत खाली आलं.
आणि आईचं, आमच्या घरातलं, 'पनि'.

मराठी शाळेत बाईंनी विचारलं होतं,
आई काय करते?
मी म्हणाले, पनि.
बाईंनी हजेरीत लिहिलं: पाणी भरते.
मी खोडायला सांगितलं नाही.
चूक कुठं होती?

चार तर आमच्यातही आहेच.
चार घास खा. चार पैसे मागं टाक.
चार माणसांत नीट बस.
चार म्हणजे थोडंसं, मोजायची गरज नाही इतकं.
चार कामं आटपून येते, असं सांगून
सत्यम्मा मावशी सकाळी लग्नाच्या मांडवातून उठली होती,
अक्षता पडून गेल्यावर परतली
ओल्या हातांनी.

आणि पाळी.
हा शब्द नायनांचा होता.
पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी,
भोंगा झाला की चपला शोधायचे.
मिल बंद पडली, भोंगा गेला,
पाळी मग आम्हा दोघींचीच राहिली,
महिन्याची आणि नळाची.
नायना दारात बसून राहायचे,
वाजलेले नसायचे तरी विचारायचे,
किती वाजले?

आज हजारातल्या सत्तर विड्या
कारखान्यात मोडून टाकल्या. छाट.
आईनं त्याबद्दल काही सांगितलं नाही,
रात्री सत्तर पानं जास्त भिजवली.
ह्याला कोशात काय म्हणतील, मी शोधत होते,
तेव्हा त्याच नोंदीच्या तळाशी,
वाळवीच्या भोकाला लागून, एक ओळ सापडली:
ह्याच शब्दातून दाराचा एक शब्द निघाला आहे.
वळणावर असलेलं दार.
लावलेलं नाही, उघडंही नाही.

किलकिलं, मी म्हणाले.
"लोटलेलं," आई म्हणाली.
"किलकिलं कोण म्हणतंय इथं?"

अडीच वाजता नळ खाकरला.
चार दिवसांनी. आधी नुसती हवा,
मग गंज, मग बारीक धार.
सगळ्या गल्लीत बादल्यांचे कान वाजले,
नागव्वा जिन्यावरून अंधारात मोजत उतरली,
वंदु, एरडु, मूरु,
शमशादचाचीची मोटर घुर्र करून बसली.
आई दोन घागरी घेऊन बाहेर.
दार तिच्यामागं वाऱ्यानं सारखं मिटत होतं,
आणि परत येताना दोन्ही हात भरलेले.

मी उठले. कोश उचलला,
फटीत सरकवला.
दार थांबलं.

पहिली खेप घेऊन आई आत आली,
पुस्तकावरून पाय उचलून,
कारण पुस्तकाला पाय लागू देत नाही ती.
घागर उतरवली, पदरानं हात पुसले,
खाली वाकून बघितलं.
"ओलं होईल ते," म्हणाली.
मग रिकामी कळशी माझ्याकडं सरकवली.